झाकण नसलेला डोंगर

मागच्या खोलीतल्या टेबलावर शिंप्याने आगगाडीचा अख्खा मुलूख उभा केला होता. रूळ, फलाट, सिग्नल आणि आज नवा कोरा डोंगर. जाळीवर कागदाचा लगदा थापताना तो इतका रंगून गेला, की अडकलेली गाडी काढायला मागे झाकण ठेवायचंच विसरला.

नेमकी पहिल्याच फेरीला गाडी बोगद्यात शिरली ती बाहेर येईना.

"घ्या, स्टेशनमास्तर!" बायको हसली. "आता काय डोंगर फोडणार?"

"तू पलीकडच्या तोंडाशी बस. मी इकडून ढकलतो."

त्याने बाही सारून हात आत घातला. कोपर गेलं, दंड गेला, तरी बोटांना काही लागेना. डोंगर तर मुळात बोटांपासून कोपरापर्यंतही लांब नव्हता.

"माझी बोटं दिसतायत का गं?"

"कुठे काय! नुसता अंधार आहे." मग ती एकदम ओरडली, "अहो, आली गाडी! आपली आपणच सुटली. काढा आता हात."

पण शिंप्याला हात काढता येईना. आत कुणीतरी तो हळूच सरळ केला होता, आणि मनगटाभोवती टेप गुंडाळली होती.

टेप मनगटावरून कोपराकडे सरकली, कोपरावरून दंडाकडे. तो स्वतः गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घ्यायचा अगदी तशीच, सावकाश.

बाहीनंतर तो नेहमी गळ्याचं माप घ्यायचा.