मालक म्हणाले

जुनं सामान घेणारा शिलाई मशीन खांद्यावर टाकून जिना उतरला. मशीन विकणाऱ्याने खिडकीतून खाली पाहिलं नाही. नोटा पुन्हा एकदा मोजल्या आणि पाकिटात घातल्या. दोन महिन्यांचं भाडं जमलं होतं.

"वहिनीचं मशीन विकलंस?" धाकटी बहीण दारातच थांबली.

"भाडं थकलंय."

"मग मला सांगायचंस ना, दादा."

"तुझ्याकडे तरी पैसे झाडाला लागलेत का?"

तिच्या नवऱ्याचा पगार अर्ध्यावर आला होता. सगळीकडे तेच चाललं होतं. तो ज्या छापखान्यात होता तिथेही आता आठवड्यातून तीनच दिवस यंत्रं फिरायची.

"खोल्या सोड आणि आमच्याकडे ये," ती म्हणाली. "मागची खोली रिकामीच आहे."

"आज मालकाला तेच सांगतो. महिनाअखेरीस सोडतो म्हणून."

हे बोलताना त्याची नजर ओट्यापाशी गेली. बायको जिथे उभी राहायची तिथला फरशीचा रंग उडाला होता. एकोणीस वर्षं ती तिथेच उभी राहिली होती. बाकीचं सामान टेम्पोत मावलं असतं.

"तेव्हाच तुम्ही दोघांनी स्वतःचं घर घेतलं असतंत तर."

"आणि हप्ते थकले असते तर? बाबांचं घर कसं गेलं, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. बँकेने दाराला कुलूप लावलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, तो चौदाचा. सामान रस्त्यावर आणि आई गाठोड्यावर बसलेली. घरासाठी हप्ता डोक्यावर घ्यायचा नाही, हे त्याचं त्याच दिवशी ठरलं. लग्नानंतर बायकोने एकदा विषय काढला तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. तिने पुन्हा काढला नाही.

भाडं द्यायला तीच जायची. पहिल्या तारखेला पाकीट घेऊन निघायची आणि येताना मालकाचा एखादा हुकूम घेऊन यायची. मालक म्हणाले, भिंतीला खिळा मारायचा नाही. मालक म्हणाले, रंग तुमचा तुम्ही काढा. त्याने मालकाला एकदाच पाहिलं होतं, खोल्या भाड्याने घेताना. झुपकेदार मिशा आणि सारखा खोकला. तेवढ्यावरच तो माणूस त्याच्या डोक्यात बसला होता.

एका वर्षी छापखान्यात जादा काम मिळालं. मोटरसायकल घ्यायची ठरली आणि नेमकं त्याच महिन्यात भाडं वाढलं.

"त्या म्हाताऱ्याला पैशाचा वास येतो का गं?"

"नाक मोठं आहे त्यांचं," ती म्हणाली होती.

मोटरसायकल राहिली. पुढे मोठा टीव्ही राहिला. तिच्या चपलांना तीनदा टाके पडले, पण नव्या आल्या नाहीत. रात्रंदिवस शाळांचे गणवेश शिवायची, तरी हातात काही उरत नाही म्हणायची. तो मालकाला शिव्या घालायचा. ती मशीनवर मान खाली घालून ऐकायची.

शेवटच्या दुखण्यातही भाडं द्यायला तीच गेली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी रिक्षा केली. परत आली ती आडवीच झाली.

"मालक म्हणाले, आता हवे तिथे खिळे मारा."

"एवढ्या वर्षांनी पाझर फुटला?"

"फुटला. आणि पुढच्या पहिल्या तारखेला तुम्हीच जा. माझ्याने आता होत नाही. नक्की जा हं."

"जाईन. भाडं बुडवून पळणार आहे थोडाच."

ती हसली. हसताना दम लागला.

पुढची पहिली तारीख तिने पाहिली नाही. होतं नव्हतं ते दवाखान्यात गेलं. रिकाम्या हाताने मालकासमोर काय उभं राहायचं, म्हणून तो गेलाच नाही. मग आणखी एक महिना गेला. तिचा फोटो अजून कपाटाला टेकवून ठेवला होता. खोल्या सोडायच्याच, तर भिंत कशाला खराब करायची.

तिने लिहून ठेवलेल्या पत्त्यावर तो चालत गेला. बहिणीला सांगितलं ते एक होतं, मनात दुसरंच होतं. वाटेत तो ते घोळवत राहिला. भाडं थोडं कमी केलंत तर राहतो. फार नको, थोडंच.

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. जाड भिंगांचा चष्मा.

"मालकांना भेटायचं होतं. कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या दोन खोल्या..."

"म्हणजे तुम्ही तिचे यजमान? या, बसा. ती नाही आली?"

त्याने सांगितलं. म्हातारी खुर्चीचा हात धरून खाली बसली.

त्याने पाकीट पुढे केलं. "दोन महिन्यांचं भाडं आहे. उशीर झाला. मालकांना म्हणावं, थोडं कमी केलं तर..."

म्हातारीने पाकिटाला हात लावला नाही. आतून दोरीने बांधलेले कागद आणून त्याच्या मांडीवर ठेवले.

"भाडं कसलं? खोल्या तिने विकत घेतल्यात, जमेल तसे फेडत. शेवटचे पैसे रिक्षा दारात उभी ठेवून देऊन गेली. कागद तुमच्या नावाने करायला सांगितले होते. माझी सही झालीय, तुमची तेवढी राहिली. म्हणाली, ते पहिल्या तारखेला येतील."

त्याने कागदावर आपलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"पण मालक दर महिन्याला... अहो, खिळे मारायची परवानगीसुद्धा त्यांनी आत्ता दिली, दोन-तीन महिन्यांपूर्वी."

"ह्यांनी?" म्हातारी म्हणाली. "हे जाऊन नऊ वर्षं झाली."