दुसरी साडी

दिनांक ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळी साडेदहाचा सुमार. मौजे येडगाव, तालुका जुन्नर. धाकट्या बहिणीच्या ओसरीवर बाजीरावाला एका जागी बसवत नव्हते. त्याच्या एका हातात साडीचा खोका होता, दुसऱ्या हातात तपकिरी पाकीट. शेजारी त्याची पत्नी अंजना मान वर करून बसली होती. गेल्या वर्षभरात प्रथमच.

कुशाबाईने भावाकडे नव्हे, त्या दोन वस्तूंकडे पाहिले. नऊ वर्षांपूर्वी तो याच दोन वस्तू घेऊन आला होता. तेव्हा पाकिटात हक्कसोडपत्र होते. सही झाली, माहेरच्या, अवसरीच्या जमिनीवरून तिचे नाव गेले आणि मोबदल्यात साडी आली. त्यानंतर तो या उंबऱ्याला फिरकला नव्हता.

"आता काय ऱ्हायलंय रं दादा? विहीर?"

"सही नकोय, कुशे."

"मग अंगठा देऊ?"

बाजीराव उठला, पुन्हा बसला. रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही त्याला सापडेना. त्याने अंजनाकडे पाहिले.

"मी न्हाई सांगायची," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

त्यांची मुलगी अमृता चौतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती. आता कुठे ती उठून बसू लागली होती. घराण्यात आणखी कुणाला हा रोग झाला होता का, असे पुण्याच्या डॉक्टरांनी विचारले, तेव्हा बाजीरावाने आजोबांच्या वेळी लिहिलेली वंशावळ पुढे ठेवली होती. पाच पिढ्या, एकोणीस पुरुष. "आमच्यात कुणालाच न्हाई," तो म्हणाला, आणि कागदापुरते ते खरेच होते. छातीच्या गाठीने तिशीत गेलेली त्याची आत्या बयाबाई त्या कागदावर नव्हती, कारण लेकींना त्यावर जागाच नव्हती. अंजनाची आई मात्र पोटाच्या दुखण्याने वारली होती. तेवढा पुरावा त्याला पुरला. वर्षभर पाहुण्यारावळ्यांत त्याने हेच सांगितले, की हे दुखणे बायकोच्या माहेरचे. मग डॉक्टरांनी दोघांचेही रक्त तपासले.

अहवाल येऊन चाळीस दिवस झाले होते. तो त्याने कपाटाच्या तळाशी ठेवला होता. काल अंजनाने तो बाहेर काढला.

"अमृताच्या रक्तात जो दोष निघाला, त्यो माझ्याकडनं गेलाय," बाजीराव साडीच्या खोक्याकडे बघत म्हणाला. "बया आत्याला गाठ झाल्ती, तिथनंच आलाय. तुझ्यात असंल न्हाईतर नसंल. निम्मं-निम्मं, असं डॉक्टर म्हनले. दोष असला म्हंजी रोग झालाच असं न्हाई. पर धोका लई. आधी कळलं तर इलाज व्हतो. पाकिटात तुझ्या तपासणीची चिठ्ठी हाय."

कुशाबाईचा हात नकळत पदराआड गेला.

"आन् माझी वृषाली?"

"तुझ्यात निघाला तर तिचीबी तपासणी करावी लागंल."

मग कुशाबाईने विचारले ते मुलीविषयी नव्हते, स्वतःविषयीही नव्हते.

"मग वैनीच्या माहेरचं ह्यात काईच न्हाई?"

बाजीराव काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. मला येडगावात ऐकू आलं व्हतं, एवढ्या मोठ्यानं बोलला व्हतास तवा."

"न्हाई!" त्याचा आवाज चिरकला. "काईच न्हाई. समदं आपल्याकडचं हाय."

अंजनाने मान फिरवली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

कुशाबाईने पाकीट घेतले, चिठ्ठी वाचली आणि घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचली. साडीचा खोका तिने उघडलाही नाही. दोन बोटांनी तो भावापुढे परत सरकवला.

"उद्या येते रक्त द्यायला. वृषालीला मी सांगंन," ती म्हणाली. "पर ही साडी माझी न्हाई, दादा. वैनीची हाय."