दादाची गाडी

सुट्टीपुरता येणाऱ्या दादाची गाडी वर्षातले दहा महिने शेडमध्ये झाकलेली असायची. तरी आई रोज दुपारी तासभर तिच्यात जाऊन बसायची. रात्रपाळी करून आलेला धाकटा जेवून आडवा होताना खिडकीतून ते बघायचा आणि जळफळायचा. बारा महिने सोबतीला आपण, आणि हिचा जीव अडकलाय त्या गाडीवाल्यात!

यंदा गाडीची बॅटरी दुसऱ्यांदा बसली. त्याने दुकानात मुद्दाम हलक्यातली मागितली.

दुकानदार म्हणाला, "नुसत्या उभ्या गाडीची बॅटरी इतक्यांदा बसत नाही. आत रोज काहीतरी चालू राहत असणार. दमदार न्या."

घरी येऊन तो फणकारला, "आई, दादाच्या गाडीत बसून तू करतेस तरी काय?"



"रेडिओ ऐकते रे. घरात लावला की तुझी झोप मोडते."