खुर्चीला हात लावू नये

संग्रहालयाच्या पत्राला आबांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र छापील होतं, जुन्या गल्लीतल्या सगळ्यांना पाठवलेलं. आबा आता पुतणीकडे राहायचे, म्हणून ते फिरत फिरत तिथे पोचलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याबद्दल कोणाला काही माहिती असल्यास कळवावी, एवढीच विनंती होती. आबांनी लिहायला घेतलं, फाडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा फाडलं. असल्या माणसाबद्दल लिहिण्यासारखं काय असतं? मग ते राहिलं ते राहिलंच.

आता प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती.

दालनभर त्या दुकानातली घरगुती यंत्रं मांडली होती. मिक्सर, इस्त्र्या, टेबलपंखे, शिवणयंत्रं, एक गोल पोटाचं वॉशिंग मशीन. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली, दुरुस्तीवाल्याच्या हातची पिवळी चिठ्ठी. दुकान बंद पडल्यावर घरमालकाने सगळा माल संग्रहालयाच्या गळ्यात मारला होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दिवंगत दुरुस्तीवाल्याने मायेने जपलेला ठेवा.' मधोमध त्याचं टेबल आणि तारेने पाय आवळलेली त्याची खुर्ची. खुर्चीत पुतळा. तो माणूस कायम मान खाली घालून काम करायचा, त्यामुळे चेहरा कोणालाच आठवत नव्हता. शिल्पकाराने मग गोड हसरा चेहरा बसवून दिला होता. पायाशी लोकांनी फुलं ठेवली होती.

लोक यंत्रं कुरवाळत होते, डोळे पुसत होते आणि अधिकाऱ्याला फैलावर घेत होते. तो बिचारा घाम पुसत तेच तेच सांगत होता. दुकानवाला गेला म्हणतात, वारस सापडत नाही, आणि बेवारस माल ठेवून घ्यायला नियम आड येतो. उद्या सकाळी भंगारवाला येणार.

"गल्लीभर पत्रं पाठवली हो आम्ही," तो म्हणाला. "एका ओळीचं उत्तर आलं असतं तरी काहीतरी करता आलं असतं."

आबांचे कान तापले. ते गर्दीतून पुढे सरकले.

निळ्या मिक्सरपाशी एक पन्नाशीची बाई रडत होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'शाळेतल्या बाई. बुधवारी तयार.'

"माझ्या आईचा आहे," ती शेजारच्यांना सांगत होती. "इतकी वर्षं जपला हो त्यांनी. कोण करतं आजकाल?"

"जपला नाही," आबा म्हणाले. "पडून होता. तुम्ही न्यायला आला नाहीत."

बाईने वर पाहिलं. "आम्ही तेव्हा नवीन घेतला होता."

"तेच म्हणतोय. सगळ्यांनीच नवीन घेतले."

आबांचा आवाज चढला होता. जन्मात कधी चढला नव्हता, त्यामुळे तो कसा उतरवायचा हे त्यांना समजेना. त्यांनी हात फिरवून सगळं दालन दाखवलं. ही माया नाही, म्हणाले, ही तुमची अडगळ आहे. याच्या पायी त्या माणसाला दुकानात पाय पसरायला जागा उरली नाही. आणि तो मेला म्हटल्यावर मात्र सगळ्यांना उमाळे आले.

एक जाडगेले गृहस्थ पुढे झाले. "आजोबा, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये."

"त्याच्याबद्दल कुठे बोलतोय? तुमच्याबद्दल बोलतोय."

मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, म्हातारा सकाळीच भांडून आलेला दिसतोय. गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"जवळून. आमचं कधी पटलं नाही." आबांनी पुतळ्याकडे बोट केलं. "आणि तो असा हसायचा नाही."

पाय भरून आले होते. टेकावं म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला, तोच रखवालदार धावत आला.

"आजोबा, खुर्चीला हात लावायचा नाही. त्यांची आहे ती."

आबांनी हात काढला. काठी आपटत ते बाहेर पडले.

बाहेर तिकिटांच्या खिडकीपाशी ते भिंतीला टेकून उभे होते, तेव्हा ती बाई आली. ती भांडायला आली असेल असं वाटून आबांनी काठी घट्ट धरली. पण ती नुसती शेजारी उभी राहिली.

"तुम्ही म्हणालात ते खरंय," ती म्हणाली. "आई दर बुधवारी म्हणायची, जा गं, घेऊन ये. मी गेलेच नाही. शेवटी तिनं म्हणायचंच सोडलं." पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. "तो चालत असेल का हो?"

"चालतो."

"तुम्हाला काय माहीत?"

आबा काठीच्या टोकाने फरशी टोकरू लागले. तिने थोडी वाट पाहिली आणि ती पुन्हा आत गेली, मिक्सरपाशी.

तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहता पाहता त्यांचा राग उतरला नाही, पण स्वतःकडेच वळला. खिडकीवर निळ्या मिक्सरच्या चित्राची कार्डं विकायला होती. त्यांनी एक घेतलं, खिडकीवाल्याकडून पेन मागून घेतलं आणि उभ्यानेच लिहिलं. या वेळी फाडलं नाही. कार्यालयाच्या दाराला पत्रपेटी होती. कार्ड आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ते थांबले.

संध्याकाळी अधिकाऱ्याने पेटी उघडली. कार्डावर, चिठ्ठ्यांवर होतं त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

'आपल्या पत्राला उशिरा उत्तर देत आहे. यंत्रं तिथेच राहू द्यावीत, निळा मिक्सर मात्र शाळेतल्या बाईंच्या मुलीला द्यावा. पुतळा तेवढा हलवा. खुर्ची माझी आहे, आणि मला अजून बसायला लागते.'