फीत कापण्याआधी

मोबाईल वाजला तेव्हा ड्रायव्हर नव्या बंबाची काच पुन्हा एकदा पुसत होता.

"दादा, दुकान पेटलंय!" धाकट्या भावाचा आवाज चिरकला होता. "माणसं बाहेर काढलीत सगळी. पण कापूस आहे रे आत, तयार गाद्या आहेत, मशिनं आहेत. बंब घेऊन ये लवकर!"

ड्रायव्हरने मान वळवली. मैदानापलीकडे, बाजाराच्या बाजूला, काळा धूर वर चढताना दिसत होता.

आग विझवायला बंब लागतो आणि बंबात पाणी लागतं, हे काही कुणाला शिकवायला नको. गावात बंब दोन. जुना सकाळपासून याच मैदानावर पाणी मारत फिरला होता, कारण मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडता कामा नये, असा हुकूम होता. टाकी पार रिकामी करून तो आता गावाबाहेर भरायला गेला होता, आणि तिथल्या नळाला धार करंगळीएवढी. नवा मात्र इथेच उभा होता. लालभडक, काठोकाठ भरलेला. दुकानदारांकडून वर्षानुवर्षं गोळा केलेल्या अग्निशमन करातून घेतलेला. चावी ड्रायव्हरच्या खिशात होती. फक्त बंबाच्या पुढून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुलाबी साटीनची फीत बांधली होती.

तो धावतच साहेबांकडे गेला. अग्निशमन खात्याचे साहेब मंडपात उभे राहून फुलांच्या माळा सरळ लटकताहेत का ते बघत होते.

"साहेब, बाजारात आग लागलीय. माझ्या भावाचं दुकान आहे, गाद्यांचं."

"मग जुना बंब पाठवा ना."

"जुन्यातलं पाणी तुम्हीच इथे मारायला लावलंत, साहेब. नवा काढतो."

त्याने मंडपालाच काडी लावायची परवानगी मागितली असावी, तसं साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? फीत कापायची राहिलीय! कागदोपत्री हा बंब अजून आपल्या ताब्यातच आलेला नाही. वाटेत कुठे ठोकलात तर कुणाच्या पगारातून भरायचं? आणि मंत्र्यांनी इथे येऊन काय हवा कापायची?"

"साहेब, कापूस आहे हो आत."

"दहा मिनिटं. आलेच ते. पेन्शन तोंडावर आलीय तुमची, जरा डोकं शांत ठेवा."

ड्रायव्हर परत बंबापाशी आला. मुलींच्या वेण्यांना बांधतात तसली ती दोन बोटं रुंदीची फीत. तिच्यासमोर तो मुठीत चावी आवळून उभा राहिला. फोन पुन्हा वाजला.

"निघालास ना रे दादा?"

"निघतोय."

"छत धरलंय आता आगीने. अरे, परवाच अग्निशमन कर भरलाय मी. पावती खिशातच आहे. ती दाखवू का आगीला?"

त्याने फोन खिशात टाकला. लाज वाटली त्याला, पण पाय काही हलला नाही.

हेलिकॉप्टर आलं. धुळीचा एक कण उडाला नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की विचारू नका. मंत्री उतरले, हार झाले, भाषण झालं. जनतेच्या कराचा पैसा न् पैसा जनतेच्या दारात उभा आहे, असं त्यांनी बंबाकडे हात करून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्यांचं लक्ष वर गेलं.

"तो धूर कसला हो?"

"कचरा जाळतात लोक, साहेब," अग्निशमन खात्याचे साहेब म्हणाले. "कितीही सांगा, ऐकतच नाहीत."

ड्रायव्हर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तोंड उघडलंही त्याने. साहेबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते मिटलं.

कात्री आली. फीत कापली गेली. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "साहेब, डोळे मिटले होते! परत एकदा, प्लीज!" फितीची दोन टोकं पुन्हा गाठ मारून जोडली. मंत्र्यांनी डोळे उघडे ठेवून ती दुसऱ्यांदा कापली.

मग मात्र बंब सुटला. भोंगा वाजवत, सिग्नल तोडत ड्रायव्हरने तो असा हाणला, की रस्ता आपोआप मोकळा होत गेला. बाजारात लोकांनी दोन्ही बाजूंना सरून वाट दिली.

दुकानाच्या तीन भिंती उरल्या होत्या. पाइप जोडला, पाणी सुटलं, चांगलं जोरात सुटलं. राखेतून नुसती वाफ उठली.

भाऊ समोरच्या पायरीवर बसला होता. तो उठून आला. तोंड काळवंडलेलं, भुवया जळालेल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो बंबाभोवती हळूहळू फिरून पुढच्या बाजूला येऊन थांबला.

"कधीपासून उभा होता हा?"

"सकाळपासून."

"भरलेला?"

"हो."

"आणि चावी?"

ड्रायव्हरने स्वतःच्या खिशावर हात ठेवला. बंबाच्या कडेला फितीचं एक टोक गाठीसकट तसंच लोंबत होतं. भावाने ते दोन बोटांत धरलं आणि जरासं ओढलं. फीत लगेच तुटली.