हातमोज्याखालची बांगडी

हातमोजा काढला तेव्हा प्रयोगशाळेतल्या माझ्या मदतनीस मालनच्या मनगटातून रक्त येत होतं. पिसाळलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासणीसाठी कापताना आतली काचेची बांगडी फुटली होती आणि हातमोजाही फाटला होता. "बांगड्या काढून ठेवायच्या, किती वेळा सांगितलं, पोरी?" साबणाने जखम धूत मी विचारलं. "चाचा, आमचं मालक लढाईवर हायेत. मोकळा हात कसा ठिवू?" चौदा इंजेक्शनं तिने पोटात निमूट घेतली. युद्ध संपलं. जानेवारीत नवऱ्याचं पत्र आलं, तो सुखरूप होता. मालन भिंगारहून पेढे घेऊन प्रयोगशाळेत आली. "बगा चाचा, माझ्या बांगड्यांनीच राखलं त्यास्नी!" "बरं बाई, तू जिंकलीस," म्हणत मी तिला माठातलं पाणी दिलं. पेला ओठांशी नेताच तिचा गळा आवळला. तिला पाण्याकडे पाहवेना. तिने पेला दूर लोटला. "चाचा, ह्ये लक्षण तुमीच शिकवलं हुतं न्हवं?"