आग वाढली

विमान अजून धावपट्टीवरच होतं आणि मागच्या पँट्रीतल्या ओव्हननं पेट घेतला. प्रवाशांना उतरवायचं की थांबायचं, कॅप्टन ठकारांना काही सुचेना. त्यांनी इंटरकॉमवरून नव्या हवाईसुंदरीला, शाल्मलीला विचारलं, "आग विझली का गं?"

"वाढली, सर!"

ठकारांनी हुकूम सोडला. दारं उघडली, घसरगुंड्या फुगल्या आणि निऱ्या सावरणाऱ्या काकू, फराळाचे डबे कवटाळलेले काका असं सगळं विमान बोंबलत खाली घरंगळलं.

शेवटी रिकामं अग्निशामक नळकांडं घेऊन शाल्मली उतरली. "सर, आग तर मी केव्हाच वाढवली होती! आमच्या घरी 'विझली' म्हणत नाहीत. अशुभ असतं."

ठकार मटकन खाली बसले.

"माझी नोकरीपण वाढवलीस गं, बाई!"